दात तोंडातले, माप चेहऱ्याचे

डिसेंबर १७९८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी फिलाडेल्फियाहून न्यूयॉर्कला एक पत्र धाडले. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांची कारकीर्द संपून पावणेदोन वर्षे झाली होती. पत्र राजकारणाचे नव्हते. ते त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांना होते, आणि पत्रासोबत दुरुस्तीसाठी एक कवळी होती. कवळीत फेरफार करायला वॉशिंग्टन यांची ना नव्हती, मात्र त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती: या कवळीने ओठ आधीच फार पुढे येतात, ते याहून जराही पुढे येतील असे काही करू नका.

वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती, अशी एक गोष्ट फार पसरलेली आहे. ती खरी नाही. ग्रीनवुड यांनी पाणघोड्याचा सुळा कोरून तळ घडवला होता, त्यात माणसाचे दात बसवले होते आणि वरचा व खालचा भाग स्प्रिंगांनी जोडला होता. तोंड मिटून ठेवायचे तर या स्प्रिंगा सतत दाबून धराव्या लागत. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना वॉशिंग्टन यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ मध्ये काढलेले त्यांचे चित्र अमेरिकेच्या एक डॉलरच्या नोटेवर आहे. त्यातला तोंडाभोवतीचा ताठर फुगीरपणा कवळीमुळे आला, असे बहुतेक जाणकार मानतात.

त्या पत्रातली तक्रार नीट पाहिली तर ती दातांची नाही, चेहऱ्याची आहे. कवळी टपालाने न्यूयॉर्कला जाऊ शकत होती, चेहरा मात्र फिलाडेल्फियातच राहत होता. दात जिथे घडतात तिथे चेहरा हजर नसतो, ही अडचण पुढची दोनशे वर्षे दंतवैद्यकाला पुरून उरली. आज चेहऱ्याचे त्रिमितीय मापन करून संगणकावर दातांची रचना करतात. ते या अडचणीवरचे ताजे उत्तर आहे. ताजे म्हणालो, शेवटचे नव्हे.

मुळात दातांचा चेहऱ्याशी संबंध इतका घट्ट का? आपला वरचा ओठ पटाशीच्या दातांवर टेकलेला असतो. दात गेले की तो आत जातो. दात धरून ठेवणारी हाडाची कडही हळूहळू झिजते, जबडे अधिक मिटतात आणि नाक व हनुवटी जवळ येतात. बोळके तोंड म्हणतात ते हेच. अशा तोंडात कवळी बसवायची म्हणजे दात किती खाली यावेत, किती पुढे असावेत, डावी-उजवीकडची पातळी कोणती, मधली रेषा कुठे, हे सारे नव्याने ठरवायचे. हिरडीच्या साच्यावरून यातले फार थोडे कळते, कारण बाकीच्या खुणा तोंडाच्या बाहेर असतात.

रेषा, त्रिकोण आणि धनुष्य

त्या खुणा शोधायचे काम जुने आहे. पीटर कँपर (१७२२–१७८९) हे डच शरीरशास्त्रज्ञ. बाजूने पाहिलेल्या चेहऱ्यावर त्यांनी ज्या रेषा आखल्या, त्यांत एक कानाच्या छिद्रापासून नाकाच्या तळापर्यंत जाणारी होती. पुढे दंतवैद्यांनी कवळीच्या चावण्याच्या पृष्ठाची पातळी या रेषेला समांतर ठेवायची पद्धत पाडली, आणि ती आजही शिकवली जाते. याच कँपर यांनी मोजलेल्या चेहऱ्याच्या कोनाचा वापर नंतर माणसांच्या वंशांची उतरंड रचायला झाला. चेहरा मोजण्याच्या इतिहासाला हा डाग आहे, आणि कोणाचा चेहरा ‘प्रमाण’ धरायचा हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, म्हणून त्याची नोंद करून ठेवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बॉनविल या अमेरिकी दंतवैद्याने जबड्याचे दोन सांधे आणि खालच्या पटाशीच्या दातांमधला बिंदू जोडून चार इंच बाजूचा समभुज त्रिकोण मानला. वरच्या-खालच्या जबड्याचे साचे बसवून जबड्याच्या हालचालीची नक्कल करणारी चौकट त्याने या मापाने बनवली. या चौकटीला आर्टिक्युलेटर म्हणतात. चार इंच हे सरासरी माप होते, आणि प्रत्येक माणसाचा त्रिकोण समभुज कसा असेल? मग १८९९ च्या सुमारास स्नो यांनी धनुष्याच्या आकाराची एक पट्टी वापरात आणली. तिची टोके कानांपुढे सांध्यांवर टेकवायची, मधला काटा वरच्या दातांना लावायचा आणि ती पट्टी तशीच उचलून चौकटीवर बसवायची. फेस-बो नावाचे हे साधन म्हणजे चेहऱ्याचा एक तुकडा प्रयोगशाळेत नेण्याचा पहिला शिस्तशीर प्रयत्न होय. जबड्याचा कवटीशी असलेला संबंध त्यातून जात असे. ओठ, डोळे आणि हसू मात्र मागेच राही.

१९१४ मध्ये जे. लिऑन विल्यम्स यांनी आणखी सोपा मार्ग सांगितला. वरचा मधला पटाशीचा दात उलटा धरला तर त्याची बाह्यरेषा चेहऱ्याच्या बाह्यरेषेसारखी दिसते, असा त्यांचा सिद्धांत. चौकोनी चेहऱ्याला चौकोनी दात, निमुळत्याला निमुळते, लंबगोलाला लंबगोल. कारखान्यांत तयार दातांचे संच या तीन गटांत निघू लागले आणि खपले. नंतर अनेकांनी खऱ्या माणसांचे दात व चेहरे मोजले, तेव्हा हे साम्य फारच तुरळक निघाले. पण नियम सोपा असला की तो मरायला वेळ लागतो. आजही दातांच्या सूचीत हे तीन आकार असतात.

इथे घरातली एक गोष्ट सांगतो. १९९३ साली माझ्या आजीला कवळी केली. मी तेव्हा आठवीत होतो. दवाखाना आमच्या तालुक्याच्या गावी, आणि कवळी घडवणारी प्रयोगशाळा दुसऱ्या शहरात. साचे एस. टी.च्या पार्सलने जात. सोबत चिठ्ठी असे, तीत दातांचा रंग आणि आकाराचा क्रमांक. कारागिराने आजीला कधीही पाहिले नाही. कवळी हिरडीवर अगदी चपखल बसली, कुठे टोचली नाही. आजीने आरशात पाहिले आणि म्हणाली, “दात बरे आहेत रे, पण हे तोंड माझे नाही.” जेवताना ती कवळी लावी, पाहुणे आले की काढून वाटीत ठेवी. आम्ही हसायचो. दंतवैद्यांकडेही ही तक्रार नेली होती. ते म्हणाले, “सवय होईल, आजी.” तिला ती शेवटपर्यंत झाली नाही.

चेहरा मोजणारी दुसरी वाट

दंतवैद्य पट्ट्या आणि रेषा वापरत असताना चेहऱ्याचा पूर्ण आकार टिपण्याचा खटाटोप वेगळ्याच लोकांनी चालवला होता. पॅरिसमध्ये फ्रान्स्वा विलेम या शिल्पकाराने १८६० मध्ये ‘प्रकाशचित्र-शिल्पा’चे पेटंट घेतले. गोल दालनाच्या मधोमध माणूस उभा करायचा आणि भोवतालच्या २४ कॅमेऱ्यांनी एकाच वेळी त्याची छायाचित्रे घ्यायची. ३६० अंश भागिले २४, म्हणजे दर १५ अंशांना एक बाह्यरेषा. प्रत्येक बाह्यरेषा पँटोग्राफने गिरवून मातीवर उतरवली की ओबडधोबड पुतळा तयार होई आणि शिल्पकार त्यावर शेवटचा हात फिरवी. थोड्याच वर्षांत हा धंदा बसला, पण त्यातली कल्पना आजच्या अनेक कॅमेऱ्यांच्या यंत्रांत आहे. या पद्धतीची एक उणीव विद्यार्थ्यांना विचारून पाहावी. बाह्यरेषांवरून डोळ्याच्या खोबणीची खोली कळेल का? कळणार नाही, कारण खोलगट भाग कोणत्याच बाजूने बाह्यरेषेवर येत नाही.

ही उणीव भरून काढायचे दोन मार्ग निघाले. पहिला, दोन ठिकाणांहून घेतलेल्या छायाचित्रांत तोच बिंदू किती सरकला यावरून त्याचे अंतर काढायचे. आपले दोन डोळे हेच करतात. नकाशासाठी विमानातून जमीन मोजण्याची ही रीत १९६७ मध्ये इंग्लंडात बर्क व बिअर्ड यांनी चेहऱ्याला पद्धतशीरपणे लावली, आणि चेहऱ्यावर डोंगराच्या नकाशासारख्या समोच्च रेषा काढून दाखवल्या.

दुसरा मार्ग प्रकाशाच्या रेषेचा. तो वर्गात करून पाहण्यासारखा आहे. पुठ्ठ्याला बारीक उभी चीर पाडा आणि ती विजेरीसमोर धरून अंधाऱ्या खोलीत भिंतीवर प्रकाशाची रेषा पाडा. विजेरी भिंतीला ४५ अंशांच्या कोनात असावी आणि आपण भिंतीसमोर सरळ उभे राहावे. आता रेषेच्या वाटेत भिंतीला मातीचा गोळा चिकटवा. गोळ्यावर रेषा बाजूला सरकलेली दिसेल. कोन ४५ अंशांचा असल्यामुळे जितकी उंची तितकेच सरकणे. गोळा २ सेंटिमीटर पुढे आला असेल तर रेषाही २ सेंटिमीटर सरकेल. म्हणजे उंची मोजायला गोळ्याला हात लावायची गरज नाही. विजेरीच्या जागी लेसर, डोळ्याच्या जागी कॅमेरा आणि फूटपट्टीच्या जागी संगणक ठेवला की चेहरा मोजायचे यंत्र झाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लिनी, मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात असेच यंत्र उभारले. रुग्ण फिरत्या खुर्चीवर बसे आणि लेसरची उभी रेषा त्याच्या चेहऱ्यावरून सरके. जबड्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर चेहरा किती बदलला हे त्यातून आकड्यांत कळू लागले. त्याच सुमारास हॉलिवूडही चेहरे मोजत होते. ‘स्टार ट्रेक’ मालिकेतल्या १९८६ च्या चित्रपटात नटांची डोकी लेसरने मोजून संगणकात घातली होती.

तोंडाच्या आतही हेच तत्त्व पोहोचले. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा दुरे यांनी १९७३ मध्ये ल्यों येथे सादर केलेल्या प्रबंधाचा विषयच ‘प्रकाशाने घेतलेला ठसा’ हा होता. झुरिक विद्यापीठात वेर्नर मोरमान हे दंतवैद्य आणि मार्को ब्रांडेस्टिनी हे विद्युत अभियंते एकत्र आले. १९ सप्टेंबर १९८५ रोजी त्यांच्या यंत्राने दाढेतला खड्डा कॅमेऱ्याने मोजला, चिनीमातीच्या जातीच्या ठोकळ्यातून त्या मापाचा भराव कोरला आणि तो रुग्ण खुर्चीत असतानाच बसवला. दात चकचकीत आणि अर्धपारदर्शक असतो. प्रकाश त्यात शिरून पसरतो आणि रेषा फिसकटते. म्हणून मोजण्याआधी दातावर पांढरी भुकटी फवारावी लागे. १९९४ मध्ये जपानमध्ये माएदा व सहकाऱ्यांनी लेसरने थरावर थर घट्ट करून पूर्ण कवळी बनवून दाखवली.

आता दोन्ही वाटा हाताशी होत्या, बाहेरून चेहऱ्याचा आकार आणि आतून दातांचा. पण त्या एकमेकींना ओळखत नव्हत्या. आतल्या मापाला नाक कुठे आहे ते ठाऊक नव्हते, आणि बाहेरच्या मापात दात म्हणजे ओठांमधला एक अस्पष्ट पांढरा पट्टा होता.

जोडणी

फाटलेल्या नकाशाचे दोन तुकडे जुळवायचे असतील तर आपण दोन्हींवर असलेली एखादी नदी शोधतो. संगणकालाही असा सामाईक भाग लागतो. जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या पॉल बेसल व नील मॅके यांनी १९९२ मध्ये एक रीत प्रसिद्ध केली. एका आकारातल्या प्रत्येक बिंदूला दुसऱ्यातला सर्वांत जवळचा बिंदू शोधायचा. ही सारी अंतरे मिळून कमीत कमी होतील असा एक आकार थोडा फिरवायचा आणि सरकवायचा. मग पुन्हा जवळचे बिंदू शोधायचे, पुन्हा सरकवायचे. काही फेऱ्यांनंतर आकार एकमेकांवर बसतात. संगणकावर चेहरा व दात जुळवणाऱ्या आज्ञावली या रीतीवर किंवा तिच्या सुधारित रूपांवर चालतात.

प्रत्यक्ष काम असे चालते. आधी गाल-ओठ आकड्यांनी मागे ओढून चेहरा मोजतात, म्हणजे पुढचे दात उघडे दिसतात. या मापातले दात तोंडातून घेतलेल्या बारीक मापातल्या दातांवर बसवतात. मग आकडे काढून हसऱ्या चेहऱ्याचे माप घेतात. हसताना ओठ आणि गाल हलतात, पण कपाळ व नाकाचा वरचा भाग जवळपास स्थिर राहतो. म्हणून दोन चेहरे कपाळावरून जुळवतात. अशा साखळीने हसऱ्या ओठांमागे दात आपल्या जागी येऊन बसतात. ज्याच्या तोंडात एकही दात नाही त्याच्यासाठी दातांऐवजी खुणा केलेली मेणाची कड तोंडात ठेवून हाच व्यवहार होतो. १९९८ मध्ये इटलीतल्या व्हेरोना येथील संशोधकांनी शंकूच्या आकाराच्या क्ष-किरण झोताने जबड्याचे त्रिमितीय चित्र घेणारे यंत्र मांडले होते. त्यामुळे हाडही याच चित्रात बसवता येते.

यात चुका कुठे शिरतात ते पाहणे बोधप्रद आहे. दाताच्या टोपीची कड आणि दात यांच्यातली फट ०.१२ मिलिमीटरपर्यंत चालते, असा एक निकष १९७१ पासून वापरात आहे. चेहरा मोजणाऱ्या चांगल्या यंत्रांची चूक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते, म्हणजे टोपी घडवायला ती निरुपयोगी. दात घडवायचा तो आतल्या मापावरून. चेहऱ्यावरून फक्त त्याची जागा आणि कल ठरवायचा. पण कलही नाजूक असतो. जुळवताना १ अंशाची चूक झाली तर ५० मिलिमीटर रुंदीच्या दंतपंक्तीची एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे ०.९ मिलिमीटर वर जाते. नववी-दहावीच्या मुलांना हे त्रिकोणमितीच्या कोष्टकावरून काढता येईल. शिवाय दाढी-मिशा, ओले ओठ आणि मोजमाप चालू असताना घेतलेला श्वास या अडचणी आहेतच.

२०१७ पासून चेहऱ्याचा त्रिमितीय आकार मोजून उघडणारे फोन आले. आयफोन टेन चेहऱ्यावर अवरक्त प्रकाशाचे ३०,००० हून अधिक ठिपके टाकतो आणि त्यांच्या सरकण्यावरून आकार काढतो. तत्त्व आपल्या विजेरीचेच. अचूकता महागड्या यंत्रांहून कमी असली तरी काही दंतवैद्य आता चेहरा टिपायला असे फोन वापरतात. माझ्या मते या साऱ्यातला खरा बदल अचूकतेचा नाही. दात घडवणाऱ्या कारागिराला, तो कितीही दूर बसलेला असो, पहिल्यांदाच माणूस दिसू लागला, हा तो बदल आहे. तयार दात त्या माणसाच्या तोंडात संगणकावर लावून दंतवैद्याला आणि खुद्द रुग्णाला दाखवता येतात, आणि रुग्णाला ‘हे तोंड माझे नाही’ असे कवळी घडण्याआधी म्हणता येते.

मात्र दोन गोष्टी डोळ्यांआड करू नयेत. नवे दात लावल्यावर ओठ नेमका किती पुढे येईल, हे संगणक अजून खात्रीने सांगू शकत नाही. ओठ हा स्नायू आहे, पडदा नव्हे. म्हणून जाणते दंतवैद्य आजही आधी छापून घेतलेली चाचणीची कवळी तोंडात घालून पाहतात, बोलायला लावतात, हसवतात. दुसरी गोष्ट, आज्ञावली जे ‘सुंदर’ हसू सुचवते ते तिच्या दातांच्या संग्रहातून आणि ठरवून दिलेल्या प्रमाणांतून येते. विल्यम्स यांचे तीन आकार तिथेही भेटतात. संग्रह कोणाच्या दातांवरून बनला, हे विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि ते फारसे कोणी विचारत नाही.

चेहऱ्याचे माप कितीही बारकाईने घेतले तरी ते आजच्या चेहऱ्याचे असते. दात गेल्यानंतरच्या मापात आधीचे दात नसतात. म्हणून दात काढण्याआधी माप घेऊन ठेवावे, आणि ते नसेल तर रुग्णाचा तरुणपणीचा हसरा फोटो मागावा, असा दंतवैद्यांचा जुना रिवाज आहे. हा लेख लिहिताना मी आजीचे फोटो शोधले. तिच्या लग्नातला एक आहे, वडिलांच्या मुंजीतला एक आहे आणि काकांच्या लग्नातला एक. पहिले दोन दात असतानाचे, तिसरा कवळी झाल्यानंतरचा. तिन्हींत तिचे तोंड घट्ट मिटलेले आहे. त्या काळी फोटोत दात दाखवायची पद्धत नव्हती, आणि तिसऱ्या वेळी कवळी घरी वाटीत होती.